कुंकू, गोंदण आणि तेल : व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या कातडीविषयी

टेक्स्चरला मराठीत ‘पोत’ हा नेटका शब्द आहे आणि समीक्षेत आपण तो सढळ हाताने वापरतो. कापडाचा पोत, जमिनीचा पोत, गद्याचा पोत, एखाद्या गायिकेच्या आवाजाचा पोत. या सगळ्या वापरांत स्पर्श कुठेतरी गृहीत धरलेला असतो. व्हिडिओ गेम घडवणाऱ्यांच्या बोलीत मात्र टेक्स्चर म्हणजे एक सपाट चौकोनी चित्र. संगणकात त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणसाचा पोकळ साचा उभा केलेला असतो. त्या साच्यावर हे चित्र गुंडाळले जाते. साच्याला आकार असतो, पण त्याला ऊन लागलेले नसते, तो कधी पडलेला नसतो, त्याने कष्ट केलेले नसतात. हे सगळे त्या गुंडाळलेल्या चित्रातून यायचे असते.

मी मुळात चित्रकलेवर लिहिणारी. दोन वर्षांपूर्वी पुण्यात संध्याकाळच्या एका वर्गात जाऊन मी हे काम शिकले. वर्गातली मुले माझ्या निम्म्या वयाची होती. त्यांना नोकरी हवी होती, मला शब्द हवे होते. गेमविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा व्यसन, हिंसा आणि मुलांचे बिघडलेले अभ्यास यांच्याभोवती फिरते. जे आवडीने खेळतात तेही पात्रांच्या पृष्ठभागाविषयी ‘ग्राफिक्स जबरदस्त आहेत’ एवढे म्हणून पुढे जातात. नाटकाच्या परीक्षणात शेवटच्या ओळीत ‘रंगभूषा अनुरूप’ असे लिहून मोकळे व्हावे तसे. पण पात्राची कातडी ही त्या पात्राविषयी केलेली विधानांची एक मालिका असते. ही विधाने कोण करतो, कोणत्या हत्याराने करतो आणि कोणाची कातडी डोळ्यांपुढे ठेवून करतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पहिले काम बेतण्याचे. शिंपी सपाट कापडातून गोल अंगासाठी कपडा बेततो. इथे उलटा प्रवास असतो. गोल अंग तयार आहे, त्यालाच कात्री लावून, उलगडून, सपाट चौकोनात पसरायचे. या चौकोनातल्या आडव्या-उभ्या मापांना यू आणि व्ही ही अक्षरे दिली आहेत, कारण एक्स, वाय, झेड ही अवकाशातल्या जागेसाठी आधीच खर्ची पडलेली. कात्री लागली तिथे शिवण येते आणि शिवण दिसता कामा नये. म्हणून ती काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला, कानामागे, केसांखाली लपवायची. माणूस माणसाकडे जिथे सहसा पाहत नाही अशा जागांची ही यादीच आहे. उलगडलेला चेहरा पहिल्यांदा पाहताना थोडे दचकायला होते. नाक सपाट, गाल कानांपर्यंत ओढलेले, जगाच्या नकाशात ग्रीनलंड फुगते तशी हनुवटी फुगलेली. ताण कुठे पडला आहे ते पाहण्यासाठी साच्यावर आधी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन चढवतात. जिथे चौकोन लांबट होतात तिथे उलगडणे फसले.

मग वाटणी. चौकोनाची जागा मोजकी असते आणि ती देहाच्या भागांत वाटायची असते. चेहऱ्याला त्याच्या खऱ्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त जागा मिळते, पायाच्या तळव्यांना जवळजवळ काहीच नाही. २५६ गुणिले २५६ ठिपक्यांच्या जुन्या चौकोनात एकूण ६५,५३६ ठिपके मावत. आज सहज वापरला जाणारा चौकोन ४०९६ गुणिले ४०९६ चा असतो, म्हणजे १,६७,७७,२१६ ठिपके. बरोबर २५६ पट. जुन्या टंचाईत एक युक्ती सर्रास वापरली जाई. अर्धाच चेहरा रंगवायचा आणि आरशात पाहिल्यासारखा दुसऱ्या अर्ध्यावर तोच चढवायचा. डाव्या गालावर तीळ दिला की तो उजव्यावरही उमटणार. तेव्हा तीळ, एका भुवईवरचा व्रण, छातीवर लिहिलेले नाव, या गोष्टी चैनीच्या झाल्या. त्या काळच्या अनेक पात्रांचे चेहरे मुखवट्यासारखे वाटतात, आणि त्याचे श्रेय किंवा दोष आपण रेखाटनाला देतो. मूळ कारण स्मृतीच्या हिशेबात आहे. आवृत्तीच्या पानसंख्येने कादंबरीची लांबी ठरावी तसे.

इड सॉफ्टवेअरचा ‘क्वेक’ हा गेम १९९६ चा. त्यातल्या पात्रांचे टेक्स्चर उघडून पाहिले तर एका चौकोनात माणसाची पुढची बाजू आणि शेजारी मागची बाजू असे दोन सपाट तुकडे दिसतात. या चित्राला गेमवाले तेव्हापासून ‘स्किन’ म्हणतात, आणि ते दिसतेही सोलून वाळत घातलेल्या कातड्यासारखे. संपूर्ण गेमसाठी मिळून रंग २५६, त्यातले पुष्कळसे तपकिरी. पात्र किती उजळ दिसावे हे त्याच्या पायाखालच्या जमिनीवर किती उजेड पडला आहे यावरून ठरे. एवढ्या मोघम उजेडात छातीचा घाट किंवा गुडघ्याची वाटी दिसणे शक्यच नव्हते. म्हणून चित्रकार ती रंगवून ठेवी: हनुवटीखाली सावली, खांद्यावर उजळ फटकारा, पट्ट्याच्या कडेला काळी रेघ. उजेड गेममध्ये नव्हता, चित्रात होता. नाटकातला रंगभूषाकार शेवटच्या रांगेसाठी गालफडांखाली गडद रंग भरतो, तोच हा न्याय. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याला मंडपातला दिवा कुठे असेल हे ठाऊक नसते, तरी डोळ्यात तेज दिसले पाहिजे. तेही याच जातीचे काम.

ही शाळा टंचाईतून जन्मली, पण टंचाई संपल्यावरही ती टिकली, कारण तिच्यात विचार होता. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘टीम फोर्ट्रेस २’ (२००७) हे माझ्या मते या परंपरेचे सगळ्यात सुशिक्षित उदाहरण. त्याच वर्षी त्याच्या निर्मात्यांनी या शैलीवर एक शोधनिबंधही सादर केला. विसाव्या शतकाच्या आरंभीचे अमेरिकन व्यावसायिक चित्रकार, विशेषतः जे. सी. लायेंडेकर, हे त्यांचे गुरू. नऊ पात्रे, आणि दुरून नुसत्या बाह्यरेषेवरून कोण ते ओळखू यावे ही अट. कपड्यांवर बारीक विणीची खडखड नाही. ब्रशचे रुंद फटकारे आहेत. पायांकडे रंग गडद आणि छातीकडे उजळत जाणारा, म्हणजे नजर आपोआप वर, हातातल्या शस्त्राकडे जाते. समोरच्याच्या हातात काय आहे हे खेळणाऱ्याला क्षणार्धात कळायला हवे, म्हणून ही चढती छटा. चित्रकलेतली एक जुनी रीत इथे खेळाच्या नियमात सामील झाली आहे.

जपानच्या आर्क सिस्टीम वर्क्सचा ‘गिल्टी गिअर झर्ड’ (२०१४) याहून टोकाला गेला. त्यांना त्रिमित पात्रे हाताने काढलेल्या ॲनिमेशनसारखी दिसायला हवी होती. अडचण अशी की टेक्स्चरवर काढलेली तिरपी काळी रेघ कॅमेरा जवळ आला की पायऱ्यांसारखी तुटते. मोतोमुरा या तिथल्या कलाकाराने २०१५ साली एका व्याख्यानात यावरचा तोडगा सांगितला: रेघ नेहमी सरळ आडवी किंवा उभीच काढायची, आणि अंग उलगडतानाच ते असे वाकवायचे की ती सरळ रेघ पात्रावर हवी तशी वळेल. सपाट चौकोनात पाहिले तर माणूस ओळखू येत नाही. नुसत्या चौकटी आणि पट्ट्या. बेतण्याच्या कामाला एवढी प्रतिष्ठा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. शिंप्याने कापड कापतानाच चित्र काढावे, तसे हे आहे.

दरम्यान दुसरा प्रवाह वाहत होता. एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र चढवण्याची रीत मांडली. पुढे ते पिक्सारचे एक संस्थापक झाले. जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये दाखवले की पृष्ठभाग प्रत्यक्ष न वाकवता, उजेडाला तो वाकलेला आहे असे खोटेच सांगितले तरी सुरकुती दिसते. २००४ च्या ‘डूम ३’ मध्ये हीच फसवणूक पात्रांच्या अंगभर पसरली: लाखो त्रिकोणांचा बारीक पुतळा घडवायचा आणि त्याचे चढउतार एका निळसर-जांभळ्या चित्रात नोंदवून साध्या पुतळ्यावर चढवायचे. आता उजेड खरोखर फिरू लागला. आणि उजेड फिरू लागला की रंगवून ठेवलेली सावली खोटी पडते. दिवा खाली असताना हनुवटीखाली अंधार कसा?

निर्णायक वळण २०१२ चे. डिस्नेमधल्या ब्रेंट बर्ली यांनी पदार्थाचे वर्णन करण्याची थोडक्या मापांची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचा पहिला वापर ‘रेक-इट राल्फ’ या चित्रपटात झाला. तो चित्रपट व्हिडिओ गेममधल्या पात्रांविषयीचा होता आणि आज गेममधली पात्रे त्याच्यासाठी केलेल्या पाककृतीने शिजतात, ही गंमत इथे नोंदवून ठेवते. पुढच्याच वर्षी अनरिअल इंजिनाने तिचे सुटसुटीत रूप स्वीकारले, आणि २०१४ मध्ये फ्रान्समधल्या एका कंपनीने ‘सबस्टन्स पेंटर’ बाजारात आणले. २०१९ मध्ये ती कंपनी ॲडोबीने विकत घेतली. आज जो कोणी हे काम शिकतो तो बहुधा याच हत्यारावर.

नव्या पद्धतीत एक चित्र पुरत नाही. एका चित्रात नुसता रंग. त्यात सावली किंवा चमक चुकूनही मिसळायची नाही. दुसऱ्यात पदार्थ धातू आहे की नाही. तिसऱ्यात खरखरीतपणा: काळा म्हणजे आरशासारखा गुळगुळीत, पांढरा म्हणजे खडूसारखा मंद. रंगांनाही मर्यादा असतात. शून्य ते २५५ या पट्टीत काळा रंग ३० ते ५०च्या खाली उतरवू नये आणि पांढरा २४०च्या वर नेऊ नये, कारण खऱ्या जगात कोळसाही अगदी काळा नसतो आणि ताजा बर्फही अगदी पांढरा नसतो. चित्रकार आता उजेड रंगवत नाही. तो पदार्थाचे वर्णन करून बाजूला होतो आणि उजेडाने त्याचे काम करावे अशी वाट पाहतो. मला स्वतःला हे शिकताना फार आनंद झाला. रंग आणि चमक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे चित्रांवर वीस वर्षे लिहून जेवढे कळले नव्हते तेवढे तो करडा नकाशा रंगवताना कळले. ‘पोत’ हा आपला शब्द खरे तर या तिसऱ्या नकाशालाच शोभतो.

पण हत्याराबरोबर सवयी येतात. साच्याचा कोणता भाग बाहेर आलेला आणि कोणता खोबणीत दडलेला हे सबस्टन्स पेंटर आधी मोजून ठेवते. मग तयार ‘स्मार्ट’ पदार्थ ओढून टाकला की बाहेर आलेल्या कडा आपोआप झिजतात आणि खोबणीत आपोआप मळ साचतो. दहा सेकंदांत चिलखत शंभर वर्षांचे. या सोयीमुळे एक वैश्विक जुनेपणा पसरला आहे. कुठल्याही गेममधला कुठलाही योद्धा घ्या, त्याच्या खांद्याच्या पत्र्याची कड सारखीच खरवडलेली असते. खरी झीज अशी नसते. ती हाताच्या सवयीने येते. देवळातल्या नंदीचे पाहा: त्याची शिंगे आणि पाठ तेलकट, काळी, झळाळणारी, कारण तिथे हात पोचतो, पोटाखालची तेवढीच उंचवट्याची नक्षी कोरडी आणि धूसर. पितळी कडीचा खालचा भाग चकचकीत असतो आणि वरची कमान हिरवट. विळ्याच्या मुठीवर एकाच बाजूला अंगठ्याची जागा खोल गेलेली असते आणि त्यावरून धरणारा डावखुरा होता का तेही कळते. यंत्राला वक्रता कळते, हात कळत नाही. आमचे शिक्षक, हा गृहस्थ दिवसा एका स्टुडिओत नोकरी करी, स्मार्ट पदार्थ वापरू देत. फक्त नंतर प्रत्येक ओरखड्यावर बोट ठेवून विचारत, ‘हा कशाने पडला?’ उत्तर नसेल तर पुसायला लावत. समीक्षेचा इतका चांगला वर्ग मला कुठे मिळाला नव्हता.

चिलखताच्या बाबतीत हा ढिलेपणा रुचीपुरता राहतो. कातडीच्या बाबतीत तो गंभीर होतो.

कातडी अर्धपारदर्शक आहे. उजेड तिच्यात शिरतो, आत विखुरतो आणि थोडा सरकून बाहेर पडतो. कानामागे दिवा धरला की कान लाल दिसतो तो यामुळे. २००१ साली हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी हा झिरपा संगणकात वेगाने मांडण्याची रीत दिली. त्यांची उदाहरणे होती दूध, संगमरवर आणि मानवी त्वचा. ही यादीच बोलकी आहे. येल विद्यापीठातले थिओडोर किम यांनी २०२० मध्ये नेमक्या याच परंपरेवर बोट ठेवले. पूर्वी पिक्सारमध्ये संशोधक असलेला हा माणूस आहे, बाहेरून दगड मारणारा नव्हे. त्यांचा मुद्दा असा की ‘मानवी त्वचा’ म्हणून ज्या गुणाचा दोन दशके पाठपुरावा झाला, तो आतून झिरपणारा उजेड, हा गोऱ्या त्वचेत ठळक दिसणारा गुण आहे. काळ्या त्वचेत आकार दिसतो तो मुख्यतः पृष्ठभागावरच्या चमकेमुळे, आणि त्या चमकेला संशोधनात दुय्यम जागा मिळाली. हे पहिल्यांदा घडलेले नाही. कोडॅकच्या रंगीत छपाईचा मेळ घालण्यासाठी प्रयोगशाळांत एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र प्रमाण म्हणून वापरले जाई, ‘शर्ली कार्ड’. त्याविषयी लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासिकेचा २००९ चा निबंध प्रसिद्ध आहे.

किम यांचे म्हणणे वर्गात बसून पडताळता येते. चेहरा रंगवायला शिकवतात त्याची ठरलेली पद्धत अशी: गुलाबी-पांढरा तळ, मग कपाळावर पिवळसर झाक, गाल-नाक-कानांवर लाल, हनुवटीभोवती निळसर. युरोपीय व्यक्तिचित्रणातून आलेला हा तिपेडी नियम गोऱ्या चेहऱ्यावर सुरेख चालतो. सावळा चेहरा हवा असेल तर? ‘तळाचा रंग गडद करा.’ एवढेच. पण तळ गडद केल्याने सावळा चेहरा मिळत नाही, सावलीत उभा असलेला गोरा चेहरा मिळतो. सावळ्या अंगाचे स्वतःचे भूगोल आहेत. कोपर, गुडघे, बोटांची पेरे, मानेची मागची बाजू गडद. तळहात आणि तळपाय एकदम उजळ, आणि त्यांच्या रेषा मात्र गडद. डोळ्यांभोवती तपकिरी-जांभळट वर्तुळ. ते थकव्याचे असेलच असे नाही, अनेकदा जन्माचेच असते. ओठांची किनार आतल्या भागाहून काळी. लाल रंग आहे, पण तो मेलॅनिनच्या पडद्याआड आहे आणि म्हणून विटकरी होऊन येतो. यातले काहीही तळ गडद केल्याने उगवत नाही.

वर्गातल्या मुलांना हे सांगावे लागत नव्हते. आरसा घरीच होता. पण नोकरीसाठी दाखवायच्या कामांत बहुतेकांनी युरोपीय सरदार, उत्तरेकडचे दाढीवाले योद्धे आणि अंतराळवीर केले. त्यात नवल नाही. परदेशी गेमसाठी पात्रे, वाहने, इमारती रंगवून देण्याचा उद्योग भारतात पंचवीस वर्षांहून जुना आहे. बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ ची. २०१९ मध्ये ती रॉकस्टार या बड्या कंपनीने घेतली. म्हणजे जगभर खेळल्या जाणाऱ्या गेममधल्या गोऱ्या कातड्यांवरचे ठिपके पुष्कळदा सावळ्या हातांनी दिलेले आहेत, समोर धाडलेल्या संदर्भचित्रांत पाहून. यात अन्याय शोधायला मी निघालेले नाही, चांगला रोजगार आहे. पण दिवसाचे आठ तास ज्या कातडीचा अभ्यास होतो ती डोळ्यांत बसते, आणि आपली कातडी करायची वेळ येते तेव्हा हात त्याच क्रमाने चालू लागतो.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) पाहायला हवा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी ही त्याची नायिका. वर्षअखेरच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमच्या गटात त्याला नामांकन होते. निर्मात्यांनी पहाडी चित्रशैली आदर्श मानली आणि टेक्स्चर हाताने रंगवले. म्हणजे अनरिअलसारखे पदार्थवादी इंजिन हाताशी असताना ते जुन्या शाळेत परत गेले. भिंती, मंडलांची कोडी, भित्तिचित्रे, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या पूर्वकथा यांत ही निवड फळाला आली आहे. पहाडी चित्रात उजेड एका बाजूने पडत नाही. तो सगळीकडे सारखा असतो, रंग स्वतःच्या बळावर उजळतात. तेव्हा उजेड रंगवून ठेवणारी शाळाच इथे योग्य. एक छोटा स्टुडिओ मोठ्या स्टुडिओंच्या वास्तवाशी शर्यत लावत बसला नाही, हे शहाणपण. माझी हुरहुर वेगळी आहे. कॅमेरा उंच आणि दूर आहे. राजी सतत अंगठ्याएवढी, बहुधा वरून किंवा मागून दिसते. तिच्या भोवतीचे दगड जेवढे वाचता येतात तेवढी ती वाचता येत नाही. पहाडी चित्रकार चेहरा एका बाजूने दाखवी, पण दाखवी, आणि एका केसाच्या कुंचल्याने पापणी काढी. राजीला ती पापणी मिळालेली नाही. भारतीय मुलीची कातडी हा विषय या गेमने हाताळला असे म्हणता येत नाही. त्याला वळसा घातला, आणि तो देखणा आहे.

मग वळसा न घालता ती कशी करायची? याचे एक उत्तर वर्गातच पाहायला मिळाले. जव्हारकडच्या एका मुलीने शेवटच्या कामासाठी आपल्या आजीचा हात आणि चेहरा करायला घेतला. हातावर गोंदण. तिने छायाचित्रावरून नक्षी काढून कातडीच्या वरच्या थरावर चढवली आणि ती चिकटवलेल्या कागदासारखी दिसू लागली. रंग बदलला, फिका केला, कडा धूसर केल्या, उपयोग होईना. गोंदणाची काजळी कातडीच्या वर नसतेच. ती आतल्या थरात असते आणि मेलॅनिनचा थर तिच्यावर असतो, रंगीत काचेसारखा. काळी काजळी हिरवी-निळी दिसते ती त्यावरच्या कातडीत उजेड विखुरल्यामुळे. तेव्हा तिने थरांचा क्रम उलटा केला: आधी गोंदण, त्यावर कातडीचा रंग, सगळ्यात वर चमक, आणि ती चमक गोंदणावरून अखंड वाहत गेलेली. हात एकदम साठ वर्षांचा झाला. झिरप्याचे जे शास्त्र दूध आणि संगमरवरासाठी मांडले होते ते इथे गोंदणाच्या कामी आले. शास्त्रात खोट नव्हती. त्याला आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

कुंकवाचे नेमके उलटे. ते कातडीच्या वर असते आणि जुन्या रीतीने लावलेले असेल तर दोन पदार्थांचे असते. आधी मेणाचे बोट, त्यावर पिंजर. मेण गुळगुळीत, पिंजर मंद. त्यामुळे कुंकवाच्या कडेला एक बारीक चमकता काठ राहतो आणि मधली चकती उजेड पिऊन टाकते. तो काठ दिला नाही तर कुंकू छापील टिकली होते. चाळीस वर्षे एकाच जागी टिकली लावणाऱ्या काही बायकांच्या कपाळावर तिच्या गोंदाने पडलेला पांढुरका डाग असतो. तो मात्र रंगाच्या नकाशात जाईल आणि टिकली काढली तरी राहील. एखाद्या गेममध्ये विधवा झालेल्या बाईचा चेहरा करायचा असेल, तर त्या डागाने जे सांगता येईल ते संवादातून सांगायला अर्धे पान लागेल.

तेल तिसरे. तेलाला या पद्धतीत रंग नाही. ते फक्त खरखरीतपणाच्या नकाशात उतरते. केसांच्या मुळांपासून कपाळावर उतरणारा, भुवईपाशी थांबणारा गुळगुळीत पट्टा, आणि कानशिलावर बोट पुसल्याची खूण. सावळ्या चेहऱ्याचा घाट चमकेतून दिसतो हे किम यांचे म्हणणे खरे असेल, आणि आजीच्या चेहऱ्यावर ते खरे ठरले, तर डोक्याला तेल लावलेली आणि न लावलेली अशा दोन आज्या म्हणजे दोन वेगळे चेहरे आहेत, रंगाचा एकही ठिपका न बदलता.

आणि वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का. उन्हाने करपलेले, घामाने ओले काळे कपाळ. त्यावर काळी पूड. रंगाच्या नकाशात दोघांमध्ये फरक जवळजवळ नसतो आणि तो वाढवायला गेले की बुक्का शाईसारखा दिसतो. मी तो करून पाहिला तेव्हा शून्य ते एकच्या पट्टीवर कपाळाचा खरखरीतपणा ०.३५च्या आसपास ठेवला आणि बुक्क्याचा ०.९. मग दिवा हळूहळू बाजूला नेला. दिवा समोर होता तोवर टिळा दिसत नव्हता. तो कानशिलापाशी आला तेव्हा सगळे कपाळ लखलखले आणि मधोमध, जिथे काहीच चमकले नाही तिथे, बुक्का दिसला.